बर्लिनची सहल: संग्रहालयं, खरेदी आणि रात्रजीवनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्लिनला निघालेल्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: या शहरात काय बघायचं याच्या आधी कोणत्या वारी बघायचं हे ठरवा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद, रविवारी दुकानं बंद, आणि काही क्लब मात्र शनिवारी मध्यरात्री उघडले की थेट सोमवारी सकाळपर्यंत चालू. म्हणून खालच्या उत्तरांत वार सारखे येत राहतील.

किती दिवस ठेवायचे?

कमीत कमी चार, आणि त्यात शनिवार-रविवार आलाच पाहिजे. गुरुवारी पोचून मंगळवारी सकाळी निघणं उत्तम. ग्रुप टूरवाले बर्लिनला जेमतेम दीड दिवस देतात: ब्रँडनबर्ग गेट, चेकपॉइंट चार्ली ही भिंतीच्या काळातली सीमाचौकी, भिंतीपुढे फोटो, की बस निघाली प्रागला. तेवढ्यात बर्लिन कुणालाच आवडत नाही.

हे पाहताक्षणी प्रेमात पडावं असं शहर नव्हे. दुसऱ्या महायुद्धात मधला भाग बॉम्बनी उद्ध्वस्त झाला, नंतर २८ वर्षं पूर्व आणि पश्चिम बर्लिन तोडणारी भिंत शहराच्या मधून गेली. त्यामुळे इथे पॅरिससारखा एकसंध देखणेपणा मिळत नाही. काचेची इमारत, तिच्या शेजारी गोळ्यांच्या खुणा असलेली दगडी भिंत, पलीकडे पूर्व जर्मनीच्या काळातली ठोकळेवजा वसाहत, असा सगळा मामला. फाळणीमुळे बऱ्याच गोष्टी दुहेरी झाल्या. मोठी प्राणिसंग्रहालयं दोन आहेत आणि ऑपेरा हाउसेस तर तीन. हे एकदा लक्षात आलं की पायी फिरायला मजा येते, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

व्हिसाचं काय?

जर्मनीचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी तो गेलेला हवा. मे महिन्याच्या सुट्टीसाठी जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंटच्या मागे लागा, नंतर तारखा मिळत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांना ४५. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. अनेक देश करणार असाल तर ज्या देशात सगळ्यांत जास्त रात्री राहणार, तिथेच अर्ज. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. फ्रँकफर्टला विमान बदलायचं असेल तर मध्ये पुरेसा वेळ ठेवा.

बॅगेत घरचं खाणं नेलं तर चालतं का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. युरोपियन युनियनच्या बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, तूप, पनीर घरीच ठेवा. ताजी फळं आणि भाज्यांनाही प्रमाणपत्राशिवाय बंदी आहे. अपवाद फक्त पाच फळांचा: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. हापूसची पेटी त्यात बसत नाही, मग जर्मनीतल्या भाचीने कितीही हट्ट धरला तरी. ताजा कढीपत्ताही नको. सुका चिवडा, चकल्या, थालिपिठाची भाजणी, लसणाची कोरडी चटणी यांची काही अडचण येत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊला मावळतो. डिसेंबरात तोच दुपारी चारच्या आत गायब होतो आणि आकाश दिवसभर राखाडी असतं. तरीही नोव्हेंबरच्या शेवटी नाताळचे बाजार लागले की शहराला वेगळीच कळा येते. थंडी सोसत असेल तर तो काळही चांगला. जानेवारीत मात्र स्वस्त तिकिटाखेरीज दुसरं कारण नसेल तर जाऊ नका. फेब्रुवारीत बर्लिनाले हा चित्रपट महोत्सव असतो आणि त्याची तिकिटं सामान्य प्रेक्षकांनाही मिळतात, फ्रान्समधल्या कान महोत्सवासारखं नाही.

विमानतळावरून शहरात कसं यायचं? आणि तिकीट कोण तपासतं?

बर्लिनचा सध्याचा विमानतळ, बीईआर, २०२० साली सुरू झाला. तिथून मुख्य स्टेशनला रेल्वेने साधारण अर्ध्या तासात पोचता येतं. विमानतळ ‘सी’ झोनमध्ये आहे, म्हणून ‘एबीसी’ तिकीट घ्यायचं. शहरात फिरायला ‘एबी’ पुरतं. एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण एकाच दिशेने. त्याच तिकिटावर परत येता येत नाही. दिवसातून तीनदा चढ-उतर होणार असेल तर २४ तासांचं तिकीट घ्या.

आता महत्त्वाचं. ऊ-बान (मेट्रो) आणि एस-बान (लोकल) यांच्या स्टेशनांवर फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही. प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या खांबासारख्या यंत्रात कागदी तिकीट घालून त्यावर वेळेचा शिक्का मारायचा असतो. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, तर ते विनातिकीटच धरतात आणि दंड ६० युरो. तपासनीस साध्या कपड्यांत असतात. शेजारी बसलेला जीन्समधला पोरगा अचानक ओळखपत्र काढतो. ‘आम्ही टुरिस्ट आहोत’ हे उत्तर त्यांनी रोज ऐकलेलं असतं. बसमध्ये ड्रायव्हर रोख पैसे घेत नाही, कार्ड ठेवा.

पहिल्या दिवशी थकलेले असाल तर झू स्टेशनवरून १०० नंबरची बस पकडून वरच्या मजल्यावर पुढे बसा. विजयस्तंभ, राइशस्टाग (संसद भवन), उंटर डेन लिंडेन हा रस्ता, म्युझियम आयलंड असं करत ती अलेक्झांडरप्लाट्झला सोडते. साध्या तिकिटात शहरदर्शन होतं.

राहायचं कुठल्या भागात?

आई-वडील किंवा मुलं बरोबर असतील तर प्रेन्झलाउअर बेर्ग: शांत, झाडी भरपूर, कॅफे आणि ट्राम दारात. खरेदी मुख्य असेल तर शार्लोटेनबुर्ग. रात्री फिरायचं असेल तर फ्रीडरिशहाइन किंवा क्रॉइत्सबेर्ग, पण खोली रस्त्याच्या बाजूची घेऊ नका. अलेक्झांडरप्लाट्झ सोयीचं आहे खरं, पण मुक्कामाला रुक्ष. हॉटेलच्या भाड्यावर ७.५ टक्के शहर कर लागतो. बुकिंगच्या रकमेत तो धरलेला आहे का ते पाहून घ्या.

संग्रहालयं इतकी आहेत की डोकं चक्रावतं. नेमकं काय बघायचं?

म्युझियम आयलंडवर श्प्रे नदीच्या बेटात पाच संग्रहालयं आहेत. पहिलं १८३० चं, शेवटचं १९३० चं, आणि १९९९ पासून सगळं बेट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. पण पाचही एका दिवसात उरकायचा अट्टहास करू नका. दोन पुरेत.

पहिलं नॉयेस म्युझियम. इजिप्तची राणी नेफेर्तीतीचा साडेतीन हजार वर्षांच्या आसपासचा अर्धपुतळा इथे एका स्वतंत्र दालनात आहे. त्या दालनात फोटो काढायला मनाई आहे, आणि हे फार बरं आहे; लोक खरोखर तिच्याकडे बघत उभे राहतात. इमारतही बघण्यासारखी. युद्धात मोडलेली ही वास्तू कित्येक दशकं तशीच पडून होती. डेव्हिड चिपरफील्ड या वास्तुविशारदाने ती नव्यासारखी केली नाही. जळक्या विटा, अर्धवट भित्तिचित्रं राखून नवं बांधकाम मध्ये जोडलं. २००९ साली ती पुन्हा खुली झाली. दुसरं, चित्रं आवडत असतील तर आल्टे नॅशनलगॅलरी.

पेर्गामोन म्युझियमसाठीच जाणार असाल तर थांबा. बॅबिलोनचं निळ्या विटांचं इश्तार द्वार आणि पेर्गामोनची वेदी ज्यात आहे ते हे संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी पूर्ण बंद आहे. वेदीचा भाग २०२७ मध्ये उघडण्याचं नियोजन आहे. इश्तार द्वाराच्या बाजूसाठी मात्र २०३७ साल सांगितलं जातं. समोर तात्पुरत्या इमारतीत एक भव्य पॅनोरामा आहे, पण मूळ वास्तूची सर त्याला नाही.

सोमवारी बेटावरची संग्रहालयं बंद असतात, काही मंगळवारीही. सोमवारी हम्बोल्ट फोरम हे संग्रहालय-संकुल करा. ते मंगळवारी बंद असतं आणि तिथली बरीचशी कायमस्वरूपी प्रदर्शनं मोफत आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी संग्रहालयं फुकट असतात, असं जुन्या माहितीत अजून वाचायला मिळतं. ती योजना २०२४ च्या अखेरीस बंद झाली.

बेटाबाहेर वेळ मिळालाच तर गेमेल्डेगॅलरी. रेम्ब्रांट, व्हर्मीर, काराव्हाजो, आणि गर्दी जवळजवळ नाही. पॅरिसच्या लूव्रमध्ये माणसांच्या डोक्यांवरून चित्र पाहिलेल्यांना इथे बाकावर बसून चित्र बघता येतं याचंच अप्रूप वाटतं.

भारताशी, महाराष्ट्राशी संबंधित काही आहे का?

आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. हम्बोल्ट फोरमच्या बाहेर सांचीच्या पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती उभी आहे. साधारण १० मीटर उंच, डिसेंबर २०२२ पासून. आत आशियाई कलेचं संग्रहालय आहे. त्यात मध्य आशियातल्या बौद्ध लेण्यांमधली भित्तिचित्रं आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन मोहिमांनी ती भिंतींवरून कापून आणली. ती इथे असावीत का, यावर वाद चालू आहे, आणि संग्रहालयही तो लपवत नाही. अजिंठा बघितलेल्या माणसाने तिथे अर्धा तास नक्की द्यावा.

दुसरी जागा पर्यटकांच्या नकाशात नाही. ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राचा अभ्यास करून १९३० साली डॉक्टरेट मिळवली. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. नाझींच्या वंशवादी धोरणांना ज्यांच्या संशोधनाचा आधार मिळाला, तेच हे गृहस्थ. युरोपियनांच्या कवट्या इतरांहून वेगळ्या प्रकारे असमान असतात, असा गुरूंचा कयास. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा फरक दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. ज्या गुरूच्या हाती पदवी, त्याच्याच सिद्धांताविरुद्ध पंचविशीतल्या मुलीने हे लिहिलं. त्या संस्थेची इमारत दालेम भागात इनेश्ट्रासे २२ इथे आहे, आता फ्री युनिव्हर्सिटीकडे. बाहेर त्या संस्थेच्या काळ्या इतिहासाचा स्मृतिफलक आहे. ऊ३ गाडीने ‘फ्राये युनिव्हर्सिटेट’ स्टेशनला उतरून चालत जाता येतं.

भिंत नेमकी कुठे बघायची?

बर्नाउअर श्ट्रासेला. चेकपॉइंट चार्लीला जाऊ नका असं सांगूनही सगळे जातात; तिथली चौकी नकली आहे आणि आजूबाजूला फास्ट फूडची दुकानं.

बर्नाउअर श्ट्रासेवर एका बाजूची घरं पूर्व बर्लिनमध्ये होती आणि त्यांच्या दारासमोरचा फूटपाथ पश्चिम बर्लिनमध्ये. १३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाली, दारं-खिडक्या विटांनी चिणायला सुरुवात झाली, तेव्हा लोकांनी वरच्या मजल्यांवरून खाली उड्या घेतल्या. भिंतीजवळ निदान १४० माणसांचे जीव गेले. आज तिथे सुमारे १.४ किलोमीटर लांबीचं उघडं स्मारक आहे, कोणत्याही वारी जा, पैसे नाहीत. भिंत जिथे पडली तिथे गंजक्या लोखंडी सळया ओळीने उभ्या केल्या आहेत. एका बाजूने बघितलं तर त्या आडव्या भिंतीसारख्या दिसतात, समोर गेलं की मधून आरपार जाता येतं. समोरच्या केंद्राच्या मनोऱ्यावरून दोन भिंतींमधला मोकळा ‘मृत्युपट्टा’ त्याच्या टेहळणी बुरुजासकट दिसतो. केंद्र सोमवारी बंद.

ईस्ट साइड गॅलरी म्हणजे १९९० मध्ये चित्रकारांनी रंगवलेला १.३ किलोमीटरचा तुकडा. फोटोंसाठी छान. सकाळी नऊच्या आत गेलात तर चित्रं दिसतील, नंतर चित्रांपुढची माणसं.

शहरात चालताना पायांखालीही लक्ष असू द्या. रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ दिसली तर ती भिंतीची जागा. आणि घरांच्या दारापुढे तळहाताएवढे पितळी चौकोन दिसतील: इथे राहणाऱ्या व्यक्तीचं नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. नाझींच्या बळींसाठी गुंटर डेमनिग या कलाकाराने सुरू केलेला हा उपक्रम. ब्रँडनबर्ग गेटजवळच्या २,७११ काँक्रीट ठोकळ्यांच्या होलोकॉस्ट स्मारकात लोक ठोकळ्यांवर चढून सेल्फी काढतात. तुम्ही काढू नका.

राइशस्टागच्या घुमटावर जाता येतं का?

येतं, आणि फुकट. संसदेच्या वेबसाइटवर आधी नाव नोंदवावं लागतं, आणि उन्हाळ्यात जागा लवकर भरतात. मूळ पासपोर्ट बरोबर हवा. नॉर्मन फॉस्टर यांचा हा काचेचा घुमट रात्री उशिरापर्यंत उघडा असतो. सूर्यास्ताच्या वेळेचं बुकिंग मिळालं तर टीव्ही टॉवरच्या तिकिटाचे पैसे वाचले म्हणून समजा.

जर्मन कळत नाही, ऑपेरा-नाटकं कशाला बघायची?

संगीत तर कळतं ना? फिलहार्मोनीच्या सभागृहात रंगमंच मध्ये आणि श्रोते चहूबाजूंनी, अशी १९६३ ची हान्स शारून यांची रचना आहे. हंगामात, म्हणजे साधारण सप्टेंबर ते जून, दर बुधवारी दुपारी एक वाजता तिच्या फॉयेमध्ये, म्हणजे प्रवेशदालनात, मोफत मैफल होते. लोक पायऱ्यांवर बसून ऐकतात. लवकर जा. ऑपेरात जर्मन आणि इंग्रजी अक्षरं वर पडद्यावर येतात. कपड्यांचा बाऊ नको, नीटनेटका शर्ट पुरतो. आणि भाषाच नको असेल तर फ्रीडरिशश्टाट-पालास्टचा रेव्ह्यू: नाच, कसरती, रोषणाई. आई-बाबा खूश होतात.

खरेदी कुठे करावी?

आधी पुन्हा वाराची गोष्ट. वर्षातले मोजके रविवार सोडले तर रविवारी सगळी दुकानं बंद. सुपरमार्केटसुद्धा. दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. अडलंच तर मुख्य स्टेशनमधली दुकानं आणि कोपऱ्यावरची ‘श्पेटी’, म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी छोटी दुकानं.

मोठ्या ब्रँडसाठी कुडाम आणि टाउएन्झिन हे रस्ते. तिथेच काडेवे, १९०७ चं भव्य डिपार्टमेंट स्टोअर. काही घ्यायचं नसलं तरी त्याच्या सहाव्या मजल्यावर जाऊन या. अख्खा मजला खाण्याच्या वस्तूंचा आहे. फ्रीडरिशश्ट्रासेवरचं डुसमान हे पुस्तकांचं आणि संगीताचं दुकान आठवड्यातले बरेच दिवस मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं.

परत नेण्यासारखं काय? माझी यादी अशी: लामी किंवा पेलिकानचं फाउंटन पेन, झोलिंगेनची सुरी (चेक-इन बॅगेतच ठेवा), आणि डीएम किंवा रोसमान या दुकानांतल्या हाताच्या क्रीम. नातेवाइकांना वाटायला यापेक्षा स्वस्त आणि मस्त काही नाही. खिसा गरम असेल तर केपीएमची चिनी माती. फ्रेडरिक द ग्रेटने १७६३ मध्ये विकत घेतलेला हा राजेशाही कारखाना अजून चालू आहे. मुलांसाठी आंपेलमान, पूर्व बर्लिनच्या सिग्नलवरचा टोपीवाला छोटा माणूस. फक्त चॉकलेटांची जिलेटिनवाली गमीबेअर भावंडं शाकाहारी घरात नेऊ नका. आणि भिंतीचा तुकडा विकत घेऊ नका. रंग लावलेलं काँक्रीट कुठलंही असू शकतं.

रविवारी मग करायचं काय?

जुन्या वस्तूंचे बाजार! मौअरपार्कचा सगळ्यांत प्रसिद्ध: जुने कॅमेरे, पितळी दिवे, पूर्व जर्मनीच्या काळातली भांडी, लेदर जॅकेट. पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करण्याचा सराव असेल तर तो इथे कामी येतो, फक्त आवाज दोन पट्ट्या खाली. हवा चांगली असेल तर शेजारच्या उघड्या प्रेक्षागारात दुपारी कॅरिओकी रंगतं, शेकडो अनोळखी माणसं एखाद्या बेसूर काकांना डोक्यावर घेतात. बॉक्सहागनर प्लाट्झचा बाजार लहान आणि निवांत.

मंगळवारी आणि शुक्रवारी मायबाखउफरला कालव्याकाठी तुर्की बाजार भरतो. भाजी, ऑलिव्ह, चीज आणि कापडाचे तागे. शुक्रवारी संध्याकाळी बाजार उठताना भाव पडतात, हे सांगायला नकोच.

टॅक्स रिफंड खरंच मिळतो का?

मिळतो, पण १९ टक्के कर पूर्ण हातात पडत नाही. मध्यस्थ कंपनी आपला वाटा कापते. एका बिलाची रक्कम ५० युरोंच्या वर हवी. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्या आणि वस्तू न वापरता पॅक ठेवा. विमानतळावर चूक होते ती अशी: लोक बॅग चेक-इन करून मोकळे होतात आणि मग कस्टमवाला वस्तू दाखवा म्हणतो. काउंटरवर आधीच सांगा, टॅग लावून बॅग परत घ्या, कस्टमला दाखवून शिक्का घ्या आणि तिथेच बॅग सोडा. वस्तू हातातल्या सामानात असेल आणि फ्रँकफर्टमार्गे जाणार असाल, तर शिक्का फ्रँकफर्टला.

पाण्याच्या बाटलीवर जास्तीचे २५ सेंट का लावले?

ती अनामत, ‘फांड’. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते, ती बिलातून वजा होते. बाटली टाकूनच द्यायची असेल तर कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याशेजारी उभी ठेवा. बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्यांना आत हात घालावा लागत नाही. सगळं शहर हे पाळतं. नळाचं पाणी मात्र बिनधास्त प्या.

बर्लिनच्या रात्रजीवनाचं एवढं नाव का?

त्याला इतिहास आहे. १९४९ साली पूर्व आणि पश्चिम भागांतली हॉटेलं-बार एकमेकांपेक्षा उशिरापर्यंत उघडे ठेवण्याची चढाओढ चालू होती. तेव्हा हाइन्झ झेलरमायर नावाच्या हॉटेलवाल्याने अमेरिकन कमांडंट फ्रँक हाउली यांचं मन वळवलं आणि पश्चिम बर्लिनमधली बंद करण्याची सक्तीची वेळच रद्द झाली. ती परत आली नाही. मग १९८९ मध्ये भिंत पडली, आणि पूर्वेकडे मालक कोण हेच न कळणाऱ्या गोदामांची, कारखान्यांची रांग मोकळी पडली. तरुणांनी तिथे ध्वनियंत्रणा नेल्या. ट्रेसोर हा क्लब १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत सुरू झाला. आता तो एका जुन्या वीजकेंद्रात आहे. मार्च २०२४ मध्ये बर्लिनचं टेक्नो, म्हणजे या क्लबांतलं इलेक्ट्रॉनिक नाचसंगीत, जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. दुसरीकडे वाढत्या भाड्यांमुळे क्लब बंदही पडताहेत. श्प्रेकाठचा वॉटरगेट २०२४ च्या अखेरीस मिटला.

बेर्गहाइन या प्रसिद्ध टेक्नो क्लबमध्ये घेतील का?

सांगता येत नाही, आणि कुणी ‘हमखास युक्ती’ सांगितली तर विश्वास ठेवू नका. दारावरचा माणूस बघतो आणि मान हलवतो, कारण देत नाही. एवढं करा: दोघं-तिघंच जा, दहा जणांची टोळी नको. दारू पिऊन, आरडाओरडा करत रांगेत उभं राहू नका. त्या रात्री कोण वाजवतंय ते माहीत असू द्या. नकार मिळाला तर हुज्जत न घालता निघा. शनिवारी मध्यरात्रीपेक्षा रविवारी सकाळी किंवा दुपारी जाणारे कितीतरी लोक असतात. नाश्ता करून क्लबला जाणं ही इथली रीतच. आत जाताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. ते काढून फोटो घेतला तर बाहेर. आत काही ठिकाणी उघडउघड लैंगिक मोकळेपणा असतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

प्रवेश साधारण २० ते ३० युरो. रोख पैसे आणि वयाचा पुरावा म्हणून मूळ ओळखपत्र ठेवा.

टेक्नो सोसत नाही. मग?

मग बर्लिनची संध्याकाळ तुमच्यासाठी जास्तच चांगली. आउगुस्टश्ट्रासेवरचा क्लेअरखेन्स बालहाउस हा १९१३ चा नाचघर. वर तडे गेलेल्या आरशांचा दिवाणखाना आहे. ए-ट्रेन या क्लबमध्ये जॅझ. उन्हाळ्यात कास्टानियनअलेवरच्या प्राटर बागेत चेस्टनटच्या झाडांखाली लांब बाकडी मांडलेली असतात, आजोबांपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत सगळे तिथे. नॉइक्योल्नमध्ये एका मॉलच्या पार्किंगच्या छतावर क्लुंकरक्रानिश हा बार आहे, तिथून सूर्यास्त बघा.

रात्री सुरक्षित वाटतं का? बाईमाणसाला एकटीने?

बहुतांशी हो. शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर मेट्रो चालते, इतर दिवशी रात्रीच्या बसगाड्या. डब्यात पहाटे तीनला क्लबवाले, नर्स, बेकरीत कामाला निघालेले असे सगळे असतात. कोटबुसर टोर आणि गोर्लिट्झर पार्क रात्री टाळा. अलेक्झांडरप्लाट्झ आणि ऊ८ गाडीत खिसेकापू. पुलावर वाट्यांखाली गोळी लपवायचा जुगार दिसला तर भोवतीने जिंकणारे सगळे त्यांचेच. पेल्यात कुणी काही टाकू नये म्हणून पेला सोडून जाऊ नका. पोलीस ११०, रुग्णवाहिका ११२.

एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढांना ठरावीक प्रमाणात गांजा बाळगता येतो, पण तो मिळवण्याचे कायदेशीर मार्ग तिथल्या रहिवाशांसाठी आहेत. बागेत कुणाकडून विकत घेणं बेकायदेशीरच.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

उलट युरोपातल्या फार थोड्या शहरांत एवढी सोय आहे. कामगार-भरतीच्या १९६१ च्या करारानंतर आलेल्या तुर्की कामगारांनी, आणि पुढे अरब देशांतून आलेल्यांनी, शहराची जीभच बदलली: फलाफल, हालूमी घातलेला पाव, पालकाचं ग्योझलेमे, मसूर सूप. मसूर सूपवर लिंबू पिळून तिखट मागून घ्या, आमटीची तहान भागते. लिश्टेनबेर्गच्या डोंग झुआन बाजारात (मंगळवारी बंद) व्हिएतनामी टोफू. जर्मन जेवणात केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या अंड्याच्या शेवया. ‘फेगेटारिश’ (शाकाहारी) लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं. तेही नको असेल तर ‘व्हेगान’ शोधा.

एक दिवस उरला तर?

सकाळी शेजारचं पोट्सडॅम शहर. ‘एबीसी’ तिकिटावर एस-बानने जाता येतं. सांसूसी राजवाडा सोमवारी बंद असतो, बाग मात्र उघडी. संध्याकाळी टेम्पलहोफ: २००८ मध्ये बंद पडलेला विमानतळ, २०१० पासून सार्वजनिक बाग. २०१४ मध्ये इथे इमारती बांधू नयेत म्हणून नागरिकांनी मतदान करून निर्णय घेतला. धावपट्टीवर सायकल भाड्याने आणून चालवा किंवा पतंग उडवा. फाटकं अंधार पडताना बंद होतात, ती वेळ प्रवेशद्वारावर लिहिलेली असते.